वहिनींनीच काहीतरी दाबलं असेल!

मंडळी, आज जीव थंड झालाय, म्हणून लिहितेय.

आमचे बाळकुमचे भावोजी, म्हणजे माझे धाकटे दीर, परवा डोंबिवलीला आलेले. घरच्या कॉम्प्युटरला नवी डिस्क लावून तिच्यावर विंडोज टाकलं आणि "हे जुनं डबडं आता काय कामाचं?" म्हणत जुनी डिस्क घेऊन गेले.

त्यानंतर कॉम्प्युटर चालूच होईना. फोन केला तर म्हणाले, "वहिनी, तुम्हीच काहीतरी दाबलं असेल." काल बारशात हाच किस्सा सगळ्यांना रंगवून सांगितला. सगळे हसले. मीही हसले, आतून दातओठ खात.

आज मीच बसले. विंडोज नव्या डिस्कवर, पण ते सुरू करणाऱ्या फायली जुन्या डिस्कच्या सिस्टिम पार्टिशनमध्ये! म्हणजे घर आमच्याकडे आणि चावी बाळकुमला. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करून त्या फायली नव्या डिस्कवर बनवल्या. झाला सुरू!

तेवढ्यात भावोजींचाच फोन. आमची डिस्क त्यांनी आपल्या कॉम्प्युटरला लावलेली, आणि आता त्यांचा चालू होत नाहीये. मला लगेच कळलं, तो आमच्या डिस्कवरून सुरू व्हायला जातोय आणि तिथे नसलेलं विंडोज शोधत बसलाय.

मी अगदी गोड आवाजात म्हटलं, "भावोजी, तुम्हीच काहीतरी दाबलं असेल."

उपाय मिनिटभराचा आहे. आत्ता सांगू, की गणपतीत सगळे जमल्यावर?