परीक्षेतला पेशंट

फिनाईलने पुसलेल्या फरशीचा वास आला की मला अकोल्याची ती खोली आठवते. दर्यापूरच्या एका खाजगी दवाखान्यात मी कित्येक वर्षं पेशंट सांभाळत होते, सगळं काम करता करताच शिकले होते. मग डॉक्टर म्हणाले, "मावशी, आता सर्टिफिकेट लागते. परीक्षा द्या, नाहीतर तुमाले ठेवता येनार नाही." परीक्षेसाठी बसने अकोल्याला गेले. खोलीत परीक्षक मॅडम होत्या, आणि माझ्यासारखीच परीक्षेला आलेली एक वयस्क बाई पेशंट म्हणून पलंगावर निजली होती. "यांना व्हीलचेअरमध्ये बसवा," मॅडम म्हणाल्या आणि माझे हातच उचलेनात. काम रोजचंच, पण ते तपासायला आजवर कोणी समोर बसलं नव्हतं. कसंबसं त्या बाईला उठवून पलंगाच्या कडेला बसवलं, तशी ती कानाशी पुटपुटली, "बाई, मले खरंच चक्कर येऊन राह्यली." तिचा हात गार पडला होता. मी तिला पुन्हा आडवं केलं, पाय उशीवर घेतले, ओरडून साखरपाणी मागवलं. भीतीपायी ती सकाळपासून जेवलीच नव्हती. तिला हुशारी आली तेव्हा लक्षात आलं, खुर्ची रिकामीच राहिली, आपण नापास. मला रडूच फुटलं. "रडता कशाला?" मॅडम म्हणाल्या, "झाली तुमची परीक्षा." सर्टिफिकेट मिळालं, काम टिकलं. आता नव्या बायकांना परीक्षेला मीच घेऊन जाते, "भेऊ नका वं" म्हणते, आणि त्या आत गेल्या की बाहेरच्या बाकावर पदर पिळत बसते.