फोन गरम व्हायलाय

वेल्डरच्या हाताला चटका बसत नाही, अन् बसला तरी तो कुणाला सांगत नाही. हडपसरजवळच्या मांजरी गावात नव्या इमारतींची गेटं अन् ग्रिलं करणाऱ्या शेडमध्ये नागोरावनं इतकी वर्षं ठिणग्या अंगावर घेतल्या, की बोटांची कातडी पार चपलेच्या तळासारखी झाली. मूळचा परभणीकडचा गडी. बायकोला, इंदुबाईला घेऊन पोट भरायला पुण्यात आला, पोराला इंजिनेर केलं. पोरगा, समाधान, आता त्याच पुण्यात, पण दुसऱ्या टोकाला, वाकडला फ्लॅट घेऊन राहतो.

इंदुबाई होती तवर पोराचा फोन तिलाच यायचा. मायलेकरं बक्कळ बोलायची. शेवटाला समाधान विचारायचा, "अण्णा बरेत ना?" ती म्हणायची, "बरे हायेत, जेवायलेत." तेवढ्यावर नागोरावचं भागायचं. ती गेली अन् बापलेकाकडं बोलायला काही उरलंच नाही. रविवारी फोन यायचा.

"जेवलात?"

"जेवलो."

"तब्येत?"

"हाय."

अन् लगेच, "बरं, ठेवू?" "ठेव."

एका रविवारी नागोराव सहज बोलून गेला, की फोनची काच तडकली. झालं! समाधानला पहिल्यापासून फोनचं वेड. तो बोलतच सुटला. कोणता नवा फोन यायलाय, त्याचा कॅमेरा कसा, बॅटरी कसली. "मलाही तोच घ्यायचाय, अण्णा. पण पहिल्या लॉटमधला कोण घेणार? लोकांना वापरू दे आधी. काय प्रॉब्लेम निघतात बघतो, मग घेतो." नागोरावला त्यातलं निम्मं कळलं नाही. पण पोरगा आपल्याशी एवढा वेळ बोलला, एवढं कळलं. म्हणजे आधी कुणीतरी वापरून पोराला सांगायला पाहिजे होतं. मग आपणच का नको?

फोन बाजारात आला त्या दिवशी नागोरावनं शेडवर खाडा केला अन् हडपसरला गाडीतळाजवळचं दुकान गाठलं. दाराला फुगे लावलेले. काउंटरवरच्या माणसानं त्याच्या जळक्या शर्टाकडं बघितलं.

"काका, हा फोन आजच आलाय. बटणवाले त्या बाजूला आहेत."

"मला आजच आलेलाच पायजे," नागोराव म्हणाला.

घरात नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू लागतं. गॅस आला, कूलर आला, तेव्हा इंदुबाईनं लावलं होतं. आता ती नव्हती, म्हणून नागोरावनंच बोट बुडवलं. फोनच्या पाठीला गोल गोल डोळे होते. देवाच्या टाकासारखे दिसले, म्हणून नेमकं तिथंच लावलं. मग पोराला फोन लावला.

"समाधान, त्यो फोन म्या घेतला."

"तो? नवीन? तुम्ही?" समाधान एकदम जागा झाला. "कसाय? फिंगरप्रिंट फास्ट आहे का?"

"बोटच वळखंना. दहाबी बोटं लावून बघितली."

"तुमच्या बोटांना रेषा राहिल्यात कुठं, अण्णा! फोटो कसे येतात?"

"तांबडे यायलेत."

"तांबडे?"

त्या संध्याकाळी समाधानचे फोनावर फोन आले. खोलीमागच्या उसाचा फोटो पाठवा म्हणाला, शेगडीचा पाठवा म्हणाला, भिंतीचा पाठवा म्हणाला. सगळंच तांबूस. पहिल्या लॉटचा सेन्सरच बिघडलाय, असं त्यानं ठरवूनही टाकलं. शेवटी म्हणाला, "मागचा कॅमेरा कसा दिसतोय, नीट बघून सांगा."

"कसा दिसंल? कुंकू लावलंय न्हवं."

"कुंकू?" मग समाधान जो हसत सुटला, तो ठसका लागेपर्यंत हसला. "आई असती तर तिनंही..." एवढं म्हणाला अन् थांबला. "पुसा ते," समाधान म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीला फोन यायला लागला. बॅटरी किती उरली? अंधारात फोटो कसा येतो? गाण्याचा आवाज फाटतो का? नागोराव दिवसभर उत्तरं गोळा करायचा. सुट्टी झाली की उसाच्या बांधावर जाऊन अंधार पडायची वाट बघायचा. शेडमधला त्याचा जोडीदार बजरंग ग्राइंडर थांबवून ओरडायचा, "काय ओ नागोराव, लेकाला आजच्या बातम्या दिल्या का?"

"तू लोखंड घास," नागोराव म्हणायचा. पण मनातून त्याला बरं वाटायचं. कुणीतरी आपल्याला काहीतरी विचारतंय, ही सवयच त्याला नव्हती.

पण एका फोनबद्दल माणूस विचारून विचारून किती विचारणार? एक दिवस समाधान म्हणाला, "चला, म्हणजे सगळं ओके आहे. मी या वीकएंडला ऑर्डर करतो."

उद्या फोन येणार नाही, हे नागोरावला तिथंच उमजलं. त्याला ती कुंकवाची संध्याकाळ आठवली. बिघाड वाटला तेव्हा पोरगा घडीघडीला फोन करत होता.

"पर..."

"पर काय?"

"गरम व्हायलाय."

"गरम? तुमच्या हाताला?" समाधानचा आवाजच बदलला. "अण्णा, तापलेला तवा फडक्याशिवाय उतरवणारा माणूस तुम्ही. तुम्हाला गरम लागतोय, म्हणजे तो पेटायलाच आलाय! उशाला घेऊन झोपू नका. चार्जिंगला लावून कुठं जाऊ नका. ऐकताय ना?"

"ऐकायलोय," नागोराव म्हणाला. असं दटावून त्याला इंदुबाईनंतर कुणी बोललं नव्हतं.

पण मग समाधान म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. कॅन्सल. मी दुसऱ्या कंपनीचा घेतो. तुमचाही बदलून आणा."

नागोराव चपापला. "आरं, रोज न्हाई व्हत. आज तर गारच हाय बघ."

"रिस्क कशाला घ्यायची?"

अन् त्यानं घेतलाही. दिवेलागणीचा फोन बंद झाला. नागोराव दोन-चार दिवस बांधावर गेला, फोटो काढले, अन् मग जायचा थांबला. बजरंगनं एकदा विचारलं, "बातम्या बंद झाल्या का?" नागोरावनं डोळ्यांवर चष्मा ओढला अन् रॉड पेटवला.

रविवारी फोन आला. जेवलात, जेवलो झालं. ठेवू म्हणायच्या आत नागोरावनंच विचारलं, "तुझा फोन कसाय? फोटो कसे यायलेत?"

"छान."

"अंधारातले?"

"तेपण छान."

"बॅटरी?"

"दिवसभर जाते, अण्णा."

"बोट वळखतो का?"

"हो."

नागोराव अजून काय विचारावं ते आठवत बसला. पोरानं विचारलेलं सगळं विचारून झालं होतं.

"तुमचा अजून गरम होतो का?" समाधाननं विचारलं.

खरं सांगायला हीच वेळ होती. नागोरावनं तोंड उघडलं.

"व्हतो थोडा थोडा."

"बदलून घ्या म्हटलं होतं ना. बरं, मला निघायचंय. ठेवू?"

"ठेव."

पडदा काळा झाला. नागोरावनं फोन पालथा करून तळहातावर धरला, मग दुसऱ्या हातानं वरून झाकला. सकाळी शेड उघडल्यावर पहिल्या लोखंडाला हात लावावा, तसा तो गार होता.