बिनकुलपाचा फोन

अल्बानियाच्या किनाऱ्यावर, सारांदात, त्या उन्हाळ्यात एकच कुजबुज होती: बेद्रियेचं धक्क्यावरच्या लेफ्तेरशी जुळलंय. चौसष्टाव्या वर्षी! रोज सकाळी सहाला, समोरच्या ग्रीक बेटाची, कॉर्फूची, बोट सुटायच्या चांगले दोन तास आधी, बाई केस विंचरून, पालक भरलेल्या गरम बिरेकची परात घेऊन धक्क्यावर हजर. एरवी ती सातला यायची, बोटीच्या लोकांना बिरेक विकायला. सहाला तिथे कोण असतं? बोटीचे दोर बांधणारा लेफ्तेर, तोही तिच्यासारखाच एकटा, विधुर, आणि चार मांजरं. मांजरांसाठी कोण केस विंचरतं?

बातमी आणली झेनेपेने. ही बेद्रियेची समोरची शेजारीण. तिच्या बाल्कनीतून समुद्र कमी आणि लोकांची दारंच जास्त दिसतात.

पण ह्या कुजबुजीचं मूळ फोनात होतं, तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

जूनमध्ये बेद्रियेचा बटणांचा फोन अंजिराच्या मुरंब्यात पडला. मान वाकडी करून बहिणीशी बोलता बोलता पातेलं ढवळत होती, तो सुळकन आत. काढला, धुतला, उन्हात वाळवला. पण तो जो गोड होऊन गप्प बसला, तो बसलाच.

मुलगा आर्तान राजधानीत, तिरानात असतो. त्याने बेद्रियेच्या बहिणीच्या फोनवर फोन करून फर्मान काढलं, "आई, कंपनीच्या दुकानात जा. माझ्या प्लॅनमध्ये तुझं नाव घातलंय. फोन जवळजवळ फुकट. तू फक्त सही कर."

बेद्रिये गेली. दुकानातल्या पोरीने चकचकीत फोन पुढे ठेवला आणि त्याखाली चार पानांचा कागद.

"दोन वर्षांचा करार, मावशी. ह्यात सिम आमचंच चालणार."

"आणि दुसरं घातलं तर?"

"नाही चालणार. लॉक असतो ना."

"दोन वर्षांच्या आत मी मेले तर?"

पोरीने कागद उलटसुलट करून पाहिला. "ते... मुलगा भरेल."

बेद्रियेने हातातलं पेन खाली ठेवलं. छत्तीस वर्षांची होईपर्यंत, हुकूमशाही होती तोवर, तिने ह्या किनाऱ्याला कुलूप पाहिलेलं. समोर कॉर्फूचे दिवे दिसायचे, पण तिकडे जरा जास्त वेळ बघितलं की कुणीतरी नाव टिपून घ्यायचा. नवरा मच्छीमार, पण होडी साखळीला आणि साखळीची किल्ली चौकीत.

"पोरी," ती म्हणाली, "छत्तीस वर्षं फुकटात कुलपात राहिले. आता सही करून, वर महिन्याला पैसे भरून राहू?"

"तसं नाही हो मावशी. मोकळ्या फोनचं सगळं तुम्हालाच बघावं लागतं. इथे किनाऱ्यावर तो कधी कुठला टॉवर पकडेल, नेम नाही. आम्ही नीट बांधून देतो."

"बांधून देता, तेच तर नकोय."

तिथून ती तडक थोमाच्या टपरीवर गेली. थोमा फोन दुरुस्त करतो, नवेही विकतो. गेल्या उन्हाळ्यात पाहुण्यांना दोन खोल्या भाड्याने दिल्या होत्या, ते पैसे तिने गल्ल्यावर ठेवले आणि डब्यातला कोरा, बिनकुलपाचा फोन घेतला.

"दोन सिम बसतात ह्यात," थोमा म्हणाला. "एक इकडचं, वाटलं तर एक तिकडचं."

"तिकडचं कधी घालायचं ते मी ठरवीन," बेद्रिये म्हणाली, आणि फोन रुमालात गुंडाळून उराशी धरून घरी आली.

आर्तान फोनवर भडकला. "तुला ते जमणार नाही, आई! उद्या काहीतरी भलतं दाबशील आणि मला हाका मारशील."

"मारणार नाही."

"मग बेसा दे. ह्या फोनपायी तुझ्याकडून एक जरी घोळ झाला, तर मुकाट्याने करारावर सही करायची."

आमच्याकडे माणूस घर मोडेल, पण दिलेली बेसा, दिलेला शब्द, मोडणार नाही. "दिली बेसा," बेद्रिये म्हणाली. "घोळ झाला आणि तुला कळला, तर."

घरातलं भिंतीवरचं घड्याळ केव्हाच बंद पडलेलं. पहाटेचा गजर आता नव्या फोनवर लागला आणि दुसऱ्याच दिवसापासून ते सहाचं प्रकरण सुरू झालं. लेफ्तेर पहिला बिरेक खायचा, ती परातीशेजारी बसायची, दोघं खिदळायची. आठव्या दिवशी लेफ्तेर तिच्याजवळ वाकून काहीतरी बोलला आणि ती कानापर्यंत लाल झाली. हे झेनेपेच्या भाच्याने बोटीच्या तिकीटखिडकीतून डोळ्यांनी पाहिलं. नवव्या दिवशी बेद्रिये पूर्वीसारखी सातला आली.

"भांडली वाटतं," झेनेपे म्हणाली.

लेफ्तेरचं तोंडही उतरलेलंच होतं, हे मात्र खरं.

शनिवारी आर्तान तिरानाहून गाडी भरून संताप घेऊन आला. आईने कॉफी ठेवली, मुरंबा वाढला. त्याने चमच्याला हात लावला नाही.

"आई, गाव काय म्हणतंय?"

"गावाला दुसरा उद्योग काय?"

"लेफ्तेर कोण?"

"दोर बांधतो."

"सहाला धक्क्यावर काय करत होतीस?"

"बिरेक विकत होते."

"सहाला गिऱ्हाईक असतं?"

"होतं की एक."

आर्तानने कपाळाला हात लावला. मग बॅगेतून तो चार पानांचा कागद काढून पेनासकट कपाशेजारी ठेवला. "आणि फोन? नीट चालतोय ना? काही गडबड?"

बेद्रियेने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा फोनकडे. एक वाक्य बोलली असती, तर लेफ्तेरचं लफडं तिथल्या तिथे मिटलं असतं. अब्रू धुतल्या तांदळासारखी झाली असती. आणि कपाशेजारचं पेन हातात आलं असतं.

"फोन?" ती म्हणाली. "झकास चालतोय. गडबड माझ्यातच आहे, असं म्हणतात ना लोक? म्हणू देत."

संध्याकाळी सगळं गाव समुद्राकाठी फेऱ्या मारायला उतरलं, तेव्हा ती ठेवणीतला निळा झगा घालून, मुलाचा दंड धरून, दुसऱ्या हातात फोन मिरवत निघाली. झेनेपेसमोर मुद्दाम थांबली.

"काय गं, झेनेपे? जे विचारायचंय ते मलाच विचार. भाच्याला कशाला उन्हात उभं करतेस?"

झेनेपेला ठसका लागला. चार पावलांवर लेफ्तेर होता, त्याने टोपी काढली. बेद्रियेने सगळ्यांदेखत मान तुकवली आणि पुढे गेली. आर्तान रविवारी परतला, कागद बिनसहीचाच घेऊन.

खरं एवढंच होतं. फोनने समोरच्या कॉर्फूचा टॉवर पकडला होता. तिकडची वेळ आमच्याहून एक तास पुढे असते. आठ दिवस ती सात वाजले समजून सहाला धक्क्यावर जात होती, आणि आठव्या दिवशी लेफ्तेरने तिला मनगटावरचं घड्याळ दाखवलं.