बिनपायडलची सायकल

हसायचं असंल तर आधी चहाचा कप खाली ठेवा, मंग सांगतो. कारन या किस्स्यात फजिती माहीच हाये, अन् तेही भर चौकातली, पोलिसांसमोरची.

आमी वलगावचे. त्या सालांमंधी शेतीनं पार नाराज केलं होतं. कपाशीले पानी पायजे तवा आभाळ कोरडं, अन् सोयाबीन कापाले आलं का धो धो पाऊस. वावरातून येऊन मी भिंतीकडे तोंड करून बसो. माही बायको शकू बोलून बोलून थके. त्यात तिचे गुडघे धरले. गुडघ्याच्या व्यायामासाठी तिले अमरावतीच्या दवाखान्यात न्या लागे, अन् एसटीची पायरी काही तिले चढवत नव्हती.

म्हनून मी एक जुनी बॅटरीची सायकल घेतली. पन मागं शकू बसली का सायकल चालत नव्हती, नुसता इचार करे.

मंग गाठलं सलीमभाईले. गावातल्या पंपाच्या मोटरा तेच दुरुस्त करतात. त्यायच्याकडून मोठी मोटर बसवून घेतली. वेग आवरनारी वायर तोडाले लावली. आता पायडल कोन मारते? तेही काढले, अन् पाय ठेवाले लोखंडी पट्टी लावली.

सलीमभाईनं मान हलवली. "भाऊ, अब ये सायकल नहीं रही."

मले वाटलं, कौतुक करून राह्यले. गावभर सांगत सुटलो.

काही दिवस भल्ली मजा आली. मंग एक दिवस अमरावतीच्या चौकात ट्रॅफिकच्या मॅडमनं हात दाखवला.

"लायसन्स?"

"मॅडम, सायकल हाये. सायकलले कायचं लायसन्स?"

"सायकल आहे ना? मग पायडल मारून दाखवा."

मी खाली पाह्यलं. पायाखाली नुसती लोखंडी पट्टी.

"पायडल घरी हायेत," मी म्हनलं.

लोकं जमले. शकूले वाटलं, नवरा अडचनीत हाये, आपन बोललं पायजे. ते हळूच खाली उतरली. "ताई, यायले काही म्हनू नका. यायनं लय जीव लावून बनवून घेतली. वलगाववरून निघालो का मोटरसायकलवाले मागं राह्यतात."

मी तिचा पदर ओढला. "शकू, थांब."

"लाजतेत ते," शकू म्हने. "ताई, चढावरबी दम लागत नाही तिले. आमचे सलीमभाई तर म्हनले, आता हे सायकल राह्यलीच नाही."

"काकू," मॅडम म्हनल्या, "मीही तेच म्हणते आहे."

मंग त्यायनं मले समजावून सांगितलं. मोटर लहान, वेग कमी, अन् कंपनीतून मंजूर होऊन आली तशीच असंल, तर सायकल. मोटर वाढवली का ते गाडी. नंबर, इमा, लायसन्स, हेल्मेट, सगळं लागते. अन् अशा घरी बदलवलेल्या गाडीले नंबर भेटतच नाही.

"उद्या काकू मागून पडल्या तर, काका?"

तिथं माही वकिली संपली.

सायकल जमा झाली. मॅडमनं सोता ऑटो थांबवला, शकूले हात देऊन बसवलं. मी मान खाली घालून बाजूले बसलो. जरा येळानं शकू पुटपुटली, "पायडल घरी हायेत," अन् पदर तोंडात धरून अशी हसली, का मलेबी राहवलं नाही. किती दिवसांनी माह्या हसन्याचा आवाज मलेच आयकू आला.

पुढं दंड भरला, सायकल सोडवली. सलीमभाईनं जुनी मोटर परत बसवली, तोडलेली वायर जोडली, पायडलबी लावले. चढावर मी पायडल मारो, मोटर मदत करे, अन् आमी बैलगाडीच्या चालीनं वलगावले पोचो.

एक दिवस मले राहवलं नाही. "शकू, तुही मजा गेली. तुले जोरात जानं आवडे."

"मले? मी तं डोये मिटून बसत होती. तुमी कितीक दिवसांनी खुश दिसले, म्हनून बोलली नाही."

"मंग माही कंबर एवढी घट्ट धरत होती, ते काहून?"

"पडीन म्हनून."

अन् मी पाहा, प्रेमानं धरते समजून आनखी जोरात पळवत होतो.