तिला दिसणारं माझं घर

आधीच सांगून टाकते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. या सदरातले लोकांचे अनुभव मी वाचते आणि वाचता वाचता त्यातली भोकं शोधते... सवयच आहे ती. शाळेत विज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली. आम्ही बौद्ध. माहेरी, अमळनेरला, कुणी ‘अंगात आलं’ असा विषय काढला तरी वडील ताटावरून उठायचे. तेव्हा माझ्याही अनुभवातली भोकं जरूर शोधा. मी इतकी वर्षं तेच करतेय.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. आम्ही जळगावला मेहरूणमध्ये राहायचो, तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वरच्या मजल्यावर. घरमालक मारवाडी. खाली त्यांचं किराणा दुकान आणि जिना दुकानाच्या अगदी बाजूला, म्हणजे गल्ल्यावर बसलेल्या शेठाणींच्या नजरेतून सुटून वर जाणं मांजरालाही जमायचं नाही. हे पुढे लागणार आहे म्हणून सांगितलं.

आमचे ‘हे’ मानसोपचाराचे डॉक्टर. माझी शाळा जळगावला आणि ह्यांचा दवाखाना धुळ्याला, त्यामुळे रोजची एसटी. त्या काळात ह्यांना एका संशोधनाचं खूळ लागलं होतं. मनाच्या आजारात डोळ्यांचं काय होतं, हे बघायचं. ह्यांचं म्हणणं, डोळ्याच्या मागचा पडदा म्हणजे मेंदूचाच तुकडा, फक्त बाहेरून बघता येण्यासारखा. मग मेंदूत बिघाड असेल तर पडद्यावर काही खूण सापडेलच ना? एका गवंड्याकडून ओळंबा आणला होता. तो पेशंटसमोर झुलवायचा आणि त्याची नजर त्यामागे सरळ जाते की धक्के खात जाते, ते बघायचं. तिथल्या एका नेत्रतज्ज्ञ मित्राकडे यंत्र होतं. डोळ्यात थेंब टाकून, बुबुळावर चकती बसवून समोर दिवा चमकवला की पडद्यातून उठणारी बारीकशी वीज त्या यंत्राचं पेन कागदावर काढून दाखवायचं. रात्री जेवताना आमच्याकडे वरण-भाताबरोबर हेच.

आणि मग इंदू आली. नरडाण्याकडच्या खेड्यातली, तिशीतली बाई. तिला नसलेल्या गोष्टी दिसायच्या. असे पेशंट ह्यांच्याकडे रोजचेच, पण त्यातल्या बऱ्याच जणांना आवाज ऐकू येतात. हिला नुसतं दिसायचं, आणि तेही स्वच्छ, उजेडासकट. झालं. इंदूची नजर अशी, इंदूचा पडदा तसा, इंदूने आज ओळंब्याकडे काय सुंदर बघितलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, माझ्या डोळ्यांचा रंग कोणता हे ह्यांना विचारलं असतं तर घाम फुटला असता.

मला मत्सर वाटायचा. उगाच गोड शब्द कशाला वापरू... मी जळत होते. पेशंट आहे, आजारी आहे, हे कळत होतं आणि त्याने काही फरक पडत नव्हता. मी ह्यांच्याकडे बघणंच सोडलं. वाढताना ताटाकडे बघायचं, बोलताना गॅसकडे. हे टेबलावर कागद पसरून बसले की दारातून ह्यांच्या पाठीकडे बघत मनातल्या मनात भांडायचं. ह्यांच्या ते लक्षातही आलं नाही. त्याचा राग वेगळा.

एका रात्री हे खुशीत सांगू लागले, “आज इंदूने कमाल केली. म्हणते, तिला एक स्वयंपाकघर दिसतं. आणि त्याच्या खिडकीत हाताची हाडं दिसतात. उजेड आला की पाची बोटांची हाडं चमकतात. काय विलक्षण प्रतिमा आहे बघ.”

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची काच पोरांच्या बॉलने फुटली होती. नवी बसवेपर्यंत मी तिथे ह्यांच्याच रद्दीतला एक जुना एक्स-रे चिकटवला होता. कुणाच्या तरी हाताचा. सकाळी ऊन आलं की पाची बोटं दिसायची. ती खिडकी तेव्हा ह्यांच्या डोक्यामागे हातभर अंतरावर होती, आणि हे तिला विलक्षण प्रतिमा म्हणत होते. घरात फ्रिज आला तेव्हा चौथ्या दिवशी ‘हा कुणाचा’ म्हणून विचारणारा माणूस.

“अजून काय दिसतं तिला?” मी गॅसकडे बघत विचारलं.

“एक माणूस दिसतो म्हणे. पाठमोरा. बनियन खांद्यापाशी फाटलेलं.”

तेच बनियन अंगात घालून हे सांगत होते.

आता तुम्हाला वाटेल, मी घाबरले. अजिबात नाही. माझ्या डोक्यात एकच आलं... मी शाळेत असताना हा माणूस तिला घरी आणतो. दुसऱ्या दिवशी शेठाणींना आडून विचारलं. त्या म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब दिवसा कधी आले का घरी? बाई तर कुणीच नाही आली. मी इथंच तर बसते.” शेठाणींवर विश्वास होता, पण मन ऐकेना. मग स्वतःच धुळ्याला जाऊन तिला बघायचं ठरवलं. तिच्या तोंडून खरं काढायचं आणि तिथूनच परस्पर अमळनेरची गाडी धरायची, परत यायचं नाही. बॅग भरली. ह्यांना म्हटलं, तुम्हाला तुलनेसाठी तपासायला नॉर्मल बाया मिळत नाहीत ना, मी येते. हे इतके खूश झाले की बॅग कशाला, हेही विचारलं नाही.

मी मनात एक देखणी बाई उभी केली होती. प्रत्यक्षात इंदू म्हणजे ओढलेल्या चेहऱ्याची, तेल लावून चापून केस बसवलेली साधी बाई. तपासणीआधी डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी म्हणून तिला डोळ्यांवर काळी पट्टी बांधून शेजारच्या खोलीत बसवलं होतं. तोवर यंत्रापुढे माझा नंबर.

दिवा चमकला. शेजारून आवाज आला, “ओ माय, दिवा बंद करा.”

हे म्हणाले, फटीतून उजेड जात असेल. दाराखाली घोंगडी कोंबली. पुन्हा दिवा, पुन्हा तीच हाक. मग म्हणाले, दिव्याचा खटका ऐकू येत असेल. माझ्यातली बाई जागी झाली, शाळेतली. मी नेत्रतज्ज्ञांना म्हटलं, खटका तसाच वाजवा, फक्त दिव्यावर काळा पुठ्ठा धरा. त्यांनी धरला. खटका वाजला, माझ्या डोळ्यांपुढे अंधार... शेजारी शांतता. पुठ्ठा काढून दिवा चमकवला, की लगेच, “ओ माय.”

“आज तिची तब्येत बरी दिसत नाही,” हे म्हणाले आणि दोघं यंत्राचा कागद बघत बसले.

मी शेजारच्या खोलीत गेले. दार लावलं, बारीकसा दिवा लावला आणि तिच्यासमोर स्टुलावर बसले. पट्टी डोळ्यांवर घट्ट होती. मी एक शब्द बोलले नाही, नुसती बघत राहिले. तिने मान थोडी वाकडी केली. खांद्यावरून घसरलेला पदर हाताने नीट केला. मग हळूच म्हणाली, “हाई ते मीच दिखस.”

पट्टीआडून तिला समोर ती स्वतःच दिसत होती.

“बाई, तुम्ही कोन शेतस? ते हाडकंनी खिडकीवालं घर तुम्हनं शे का?”

मी हो म्हटलं. खरं काढायला आले होते, ते असं समोर आलं. भांडायचं तरी कशावरून? माझं घर, माझा गॅस, माझी भांडी ही बाई महिनोन् महिने बघत होती, आणि ते कुणी चोरूनही दाखवलं नव्हतं. माझ्याच डोळ्यांतून जात होतं.

“तो मानूस तुम्हना कोन लागस?”

“नवरा.”

“त्यानी नुसती पाठ दिखस माले. तोंड कधी दिखत नही. तुम्ही त्यानाकडे देखतस का बरं नही, बाई? इतला वाईट शे का तो?”

म्हणजे ज्या डॉक्टरांसमोर ती रोज बसत होती, तेच तिच्या दृश्यातले पाठमोरे, हे तिला माहीतच नव्हतं. इतक्यात दार उघडून हे आत आले. मी झटकन फरशीकडे बघितलं. ह्यांचा चेहरा मी तिला दाखवणार नव्हते.

पण मग कळलं, की ही अडचण काही त्या खोलीपुरती नाही. ह्यांच्याकडे बघायचं तर तिच्यासकट बघायचं. नाहीतर जन्मभर पाठच बघायची.

अमळनेरची गाडी समोर लागली होती. मी जळगावच्या गाडीत ह्यांच्या शेजारी बसले, मांडीवर बॅग आणि नजर बॅगेवर. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा हे उतरून चहा घेऊन आले. माझा पेला हातात देताना वाकून म्हणाले, “सकाळपासून खाली बघतेस. डोळे दुखतायत का? थेंबांनी होतं तसं. दाखव बरं.”

किती महिन्यांनी ह्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं असेल. काहीतरी शोधायला नव्हे, दुखतंय का म्हणून. मी मान वर केली. ह्यांच्या कानाजवळचे केस पांढरे झाले होते, मला पत्ताच नव्हता. खिडकीतून ऊन तोंडावर येत होतं म्हणून डोळे बारीक केले होते. मी पुरतं बघून घेतलं. मनात म्हटलं, बघ बाई, तूही बघ. पण माझा आहे तो.

दुसऱ्या दिवशी हे धुळ्याहून हिरमुसून परतले. “इंदूचं काय बिनसलं कळत नाही. मी खोलीत गेलो तर उठून उभी राहिली, डोक्यावर पदर घेतला आणि जी मान खाली घातली ती वर केलीच नाही. ओळंबा झुलवून काय करू? आणि तुला निरोप दिलाय. म्हणाली, बाईले सांगज्यात, त्या देखतीन तव्हय मी डोया मिटी लिसू. डोळे मिटून घेईन, म्हणजे काय गं?”

“काय माहीत,” मी म्हटलं. ह्यांच्या तोंडाकडे बघतच म्हटलं.

त्यानंतर तिने काहीच सांगितलं नाही. दिसणं थांबलं असं ह्यांनी धरलं आणि तिच्या घरचे तिला गावी घेऊन गेले. पुढे तिचं काय झालं, मला माहीत नाही. हे आजही म्हणतात, फटीतला उजेड आणि योगायोग. खिडकीतल्या एक्स-रेबद्दल मी ह्यांना कधी सांगितलं नाही. नवी काच बसवली आणि तो फेकून दिला. मला स्वतःला यातलं काही उलगडलेलं नाही, आणि विज्ञानाच्या बाईने हे लिहावं याची लाजही वाटते.

हे आता म्हातारे झालेत, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले. ह्यांच्याकडे बघण्याआधी मी अजूनही जरा थांबते. तिला डोळे मिटायला वेळ मिळावा म्हणून. मिटते की नाही, कोण जाणे.