कॉइलवरचा उजेड

लातूरला डाळमिलांच्या बाजूला आमचं मोटारी भरायचं दुकान आहे. पुढं दुकान आणि मागं दोन खोल्या, तिथंच आम्ही राहतो. जळालेली मोटार आली की आतली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि त्याच मापाची नवी तांब्याची तार भरायची, हे आमचं काम. मोटार उघडणं, बेअरिंग बदलणं, वार्निश देणं हे माझे यजमान करतात. तारेच्या कॉइली गुंडाळून त्या खाचांत बसवणं माझ्याकडं. माहेरी, हिमायतनगरला, मी मोटार फक्त विहिरीवर पाहिली होती. लग्नानंतर यांनी मला हे काम शिकवलं आणि हळूहळू माझा हात यांच्याहून बरा बसला. बारीक तारेचं काम असलं की गिऱ्हाइकं सरळ म्हणायची, "वैनीकडं द्या." ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

दुकानात आधी ट्यूबलाइट होत्या. त्या एकेक करून गेल्या तसे आम्ही एलईडी बल्ब लावत गेलो. हे आठवडी बाजारातून, हातगाडीवरचे घेऊन यायचे. हातात घेतलं तर कागदासारखे हलके, आणि लावल्यावर डोळे दिपावेत एवढा पांढरा उजेड. पण टिकायचे नाहीत. एखादा फट्कन जायचा, एखादा आठवडाभर लुकलुकून जायचा. स्वयंपाकघरातल्या बल्बावर मी हौसेनं बंद काचेचा गोळा बसवून घेतला होता, तिथला तर सगळ्यात आधी मरायचा. मी कुरकुर केली की हे म्हणायचे, "बल्बच हाय ना, दुसरा लावू." आणि दुसरा लावायचे.

त्याच सुमारास माझं डोकं दुखायला लागलं. दुपारनंतर कॉइल हातात धरली की तार एकाची दोन दिसायची. वय झालं असेल, असं मी धरून चालले.

मग एका डाळमिलची मोटार आली. ती भरून झाल्यावर आम्ही टेबलावर बांधून चालवून बघितली. मागच्या पंख्यावरचं झाकण अजून बसवलेलं नव्हतं. चालू करताना यांची नजर मीटरवर असते आणि माझी वायरींवर, त्यामुळं सुरुवात कुणीच बघितली नाही. वेग आल्यावर बघितलं तर पंख्याची पाती उलट्या दिशेनं सरकत होती.

"उलटी फिरून राहिली," हे म्हणाले. "जोडणीत दोन टोकं अदलाबदल झाली का बघ."

मी बघितलं. मला जोडणी बरोबर वाटत होती, पण डोकं ठणकत होतं आणि डोळ्यांवर माझा भरवसा उरला नव्हता. मी टोकं बदलली. पुन्हा चालू केली तेव्हा पाती सरळ जाताना दिसली. आवाज पूर्ण वेगाचा असताना पाती एवढी सावकाश कशी दिसतात, हा प्रश्न दोघांनाही पडला नाही. फिरत्या पंख्यात डोळ्याला काहीबाही दिसतंच, असं आम्ही समजत होतो.

दुसऱ्या दिवशी मिलच्या मिस्त्रीचा फोन आला. डाळ वर नेणारा डब्यांचा पट्टा उलटा सुटला होता आणि डाळ खाली सांडली होती. मिस्त्रीनं तिथल्या तिथं टोकं बदलून घेतली, नुकसान असं झालं नाही. पण तो यांना म्हणाला, "वैनीचं ध्यान न्हाई आजकाल." फोन मोठ्या आवाजावर होता, मी शेजारीच बसले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत शिरूर अनंतपाळच्या एका शेतकऱ्याची मोटार परत आली. आम्हीच भरून दिलेली, आणि जळालेली. यांनी ती उघडली. एका कॉइलच्या वळणावर तारेचं वरचं लाखेसारखं आवरण खरवडलं गेलं होतं, तिथंच तार तारेला टेकून जळाली होती. तार बसवताना असा ओरखडा दिसला की ती टाकून द्यायची, हा पहिला धडा. मला तो दिसलाच नव्हता.  दुसऱ्या दिवशी बारीक तारेचं काम आलं तेव्हा रीळ घेऊन हे स्वतःच बसले, आणि माझ्यापुढं जाड तारेची मोटार ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून आले. नंबर थोडा वाढलाय, म्हणाले, विशेष काही नाही. नवा चष्मा आला, पण डोकं दुखायचं थांबलं नाही.

पुढं माझ्या थोरल्या भावाच्या मुलीचा साखरपुडा ठरला म्हणून मी हिमायतनगरला गेले. आदल्या संध्याकाळी पाहुणे यायला लागले आणि ओसरीवरचा टेबलफॅन बंद पडला. दादा तो उचलून माझ्यापुढं घेऊन आले.

"बाई, तू मोटारी भरतीस. ह्याच्याकडं बघ की जरा."

"दादा, माझ्या डोळ्यांचं खरं न्हाई आता. बारीक काम मला सुधरत न्हाई."

"नुसतं उघडून तर बघ. न्हाई झालं तर ठिवून दे."

ओसरीवरच्या बल्बाखाली सतरंजी टाकून बसले. फॅन उघडला तर आतल्या कॉइलचं एक टोक तुटलेलं होतं. केसासारखी तार. काडी ओढून टोकावरचं आवरण जाळलं, पुसून घेतलं, दुसऱ्या टोकाशी पीळ देऊन जोडलं आणि वर टेप गुंडाळली. तार एकाची दोन दिसली नाही. कॉइलवर एका जागी बारीकसा ओरखडा होता, तोही दिसला; त्यावरही टेप लावली. फॅन सुरू झाला आणि वहिनी पुढच्या कामाला लागली. मी मात्र तिथंच बसून राहिले. डोळे तेच, चष्मा तोच. इथं दिसतंय तर लातूरला का दिसत नाही?

यांना दाखवावं म्हणून जोडाचा फोटो काढला होता. तो नीट बघितला आणि आणखी एक गोष्ट लक्षात आली. दुकानात काढलेल्या प्रत्येक फोटोत काळे आडवे पट्टे येत. मोबाइल खराब झालाय, असं आम्ही म्हणायचो. इथल्या फोटोत एकही पट्टा नव्हता. मी मोबाइलचा कॅमेरा चालू करून सरळ ओसरीवरच्या बल्बाकडं धरला. उजेड शांत होता.

"दादा, हा बल्ब कुठला?"

"नांदेडहून आणलेला. लई दिवस झाले. कधी लावला ते ध्यानातच न्हाई."

साखरपुडा झाल्यावर परतताना नांदेडला उतरले आणि दादांनी सांगितलेलं वजिराबादेतलं दुकान शोधलं. गल्ल्यावर पिकल्या दाढीचे एक मालक होते. मी म्हटलं, मला बल्ब पेटवून दाखवा. त्यांनी एक पेटवला. मी मोबाइल काढून त्यावर धरला. पट्टे आले. दुसरा पेटवायला लावला, त्यातही आले.

"बाई, हे लाइटचं दुकान हाय, फोटो स्टुडिओ न्हाई," ते म्हणाले.

मी त्यांना मोबाइल दाखवला, मोटारी भरण्याचं सांगितलं, डोकेदुखीचं सांगितलं. त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर करून बघितलं, आणि मग त्यांनाच चेव आला. एकेक खोकं उघडून ते बल्ब लावत गेले आणि आम्ही दोघं मोबाइल धरून बघत गेलो. महागड्या खोक्यातल्या एकात पट्टे निघाले आणि साध्या दिसणाऱ्या एकात निघाले नाहीत. त्यावर त्यांनी मान हलवली. "आजवर मी बी खोकं बघूनच विकत आलो."

जे शांत निघाले ते मी हातात तोलून बघितले. ते अंगानं जरा जड होते. ते किती कमी-जास्त व्होल्टेज सोसतील तेही खोक्यावर वाचून घेतलं. स्वयंपाकघरातल्या काचेच्या गोळ्याचं सांगितलं तर ते म्हणाले, "बंद गोळ्यात कोणताबी लावा, उकडून मरणार. गोळा काढा, हवा लागू द्या. आणि बल्बावर तारीख टाकून देतो, गॅरंटीत गेला तर आणून द्या. खोकं फेकू नका."

घरी आले तेव्हा यांना बल्बाचं कौतुक नव्हतं. "नांदेडहून बल्ब आणलास? इथं काय मिळत न्हाईत?"

"एक मोटार टेबलावर घ्या," मी म्हटलं. "पंख्याचं झाकण काढून."

यांनी घेतली. बाकीचे दिवे बंद करून टेबलावरच्या जुन्या बल्बाखाली चालू केली. वेग आला आणि पाती उलटी, सावकाश सरकायला लागली, त्या डाळमिलच्या मोटारीसारखीच. मोटार चालूच ठेवून मी जुना बल्ब काढला आणि नवा लावला. पाती दिसेनाशी झाली. फिरत्या पंख्याचा दिसतो तसा नुसता गोल धुरकट पडदा. यांनी स्वतः स्टुलावर चढून जुना पुन्हा लावला, पुन्हा नवा लावला. मग मोटार बंद केली आणि ती थांबेपर्यंत बघत राहिले. थांबताना ती सरळ फिरत होती.

"म्हंजे बल्बच चालू-बंद होऊन राहिला," हे म्हणाले. "आपल्याला कळत न्हाई इतका भराभर. आणि पाती आपल्याला तेवढीच दिसायलीत, उजेड असताना."

"तसंच असंल."

"मग डाळमिलची मोटार सरळच होती."

"हाव."

"मीच तुला उलटी करायला लावली."

मी मोटारीची वायर काढून ठेवली.

"चालता पंखा थांबलाय समजून कुणी हात घातला असता तर?" एवढं बोलून यांनी दुकानातले सगळे जुने बल्ब उतरवायला घेतले. हात घालायचा विचार माझ्या मनात तोवर आलाच नव्हता. आला तेव्हा मी आधी टेबलावरच्या मोटारीला झाकण बसवलं.

संध्याकाळी यांनी मिलच्या मिस्त्रीला फोन लावला. मी मागं स्वयंपाक करत होते. "वैनीची चूक नव्हती ती," असं सांगताना ऐकू आलं. "आमच्या लाइटीची होती, अन् माझी." मिस्त्रीला ते कितपत पटलं कोण जाणे. सकाळी बारीक तारेचं रीळ माझ्या टेबलावर होतं.

डोकेदुखी आठ-पंधरा दिवसांत गेली. बल्ब मात्र अजून पुरते टिकत नव्हते. नांदेडचा एक बल्ब महिन्याच्या आतच गेला तेव्हा मी हिरमुसले. पण आता यांना त्यात गोडी लागली होती. आम्ही मोठी मोटार चालू केली की घरातला उजेड एकदम वाढतो, हे यांच्या लक्षात आलं. मीटर लावला तर त्या वेळी व्होल्टेज भलतंच वर जात होतं. मेन बंद करून यांनी बोर्ड उघडला. न्यूट्रलची, म्हणजे परतीची वायर स्क्रूपाशी सैल होती, टोक जळून काळं पडलं होतं; ती सैल असली की व्होल्टेज असं वरखाली होतं आणि बल्ब मरतात. ते कापून नवं टोक काढलं, घट्ट आवळलं. दुसऱ्यांच्या मोटारी दुरुस्त करता करता आपला बोर्ड कितीक वर्षांत उघडला नव्हता, असं स्वतःच म्हणाले आणि हसले.

दादा लातूरला आले तेव्हा गेलेला बल्ब त्यांच्या हाती नांदेडला पाठवला, तो बदलून मिळाला. स्वयंपाकघरातला काचेचा गोळा उतरवला. दिसायला उघडंबोडकं दिसतं, पण तिथला बल्ब तेव्हापासून तोच आहे. दुकानातलेही तेच आहेत.

दारावर पत्र्याखाली एक बल्ब आहे, तो तेवढा अजून टिकत नाही. पाऊस तिरका आला की होल्डरमध्ये पाणी शिरतं. यंदा पत्रा हातभर पुढं घ्यायचं ठरलंय.