सगळ्यांचंच घेते

धंतोलीतल्या एका प्रसूतिगृहाच्या भरल्या व्हरांड्यात मी ओरडलो, "आमच्या घराण्यात असला रोग नाही! हिचं रक्त काढायचं नाही!"

झालं इतकंच होतं, की पहिलटकरीण बायकोच्या चिठ्ठीवर गुप्तरोगाच्या तपासणीचं नाव मला वाचता आलं. सत्तरच्या दशकातला मी ताजा सरकारी कारकून. वाचता येतं म्हणजे कळतंही, असा माझा समज होता.

"सगळ्यांचंच घेते," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वकिलाची बायको येवो नाहीतर मोळीविकणारीची सून, वाक्य तेच, सुई तीच. मग रक्ताची नळी खिडकीच्या उजेडात धरायच्या, लुगड्याचा रंग पारखावा तशा. माझं भाषण रंगात येईतो बायकोनं हात पुढे करून रक्त देऊनही टाकलं होतं.

मी वळून पाहिलं तर बाकावरची एक बाई गायब. सिस्टर फाटकापर्यंत धावल्या आणि पांढऱ्याफटक चेहऱ्यानं परतल्या.

"गेली. तुमचं घराणं ऐकून गेली, बाबू."

"मी तिला कुठं काय म्हटलं?"

"कामठीच्या विणकराची बायको हाय. दोन लेकरं पोटातच गेली तिची, आता हे तिसरं. रोग असन तर इंजेक्शनानं वाचते. पण रक्तच नाही, तर मले कसं समजन?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "किती बायांत निघते, सांगू? सोवळ्यातल्या, शिकलेल्या... बाईले पत्ताही नसते. नवरा आणते अन् लेकरू जाते."

बायकोनं नकळत पोटावर हात ठेवला. ती माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होती, तिला मी आजही भितो.

रविवारी सिस्टरनी मला कामठीच्या बसमध्ये घातलं आणि शेजारी बसल्या. त्यांच्या मांडीवर उकळलेल्या सुयांचा डबा. दाराआडून ती बाई म्हणाली, "आमच्या घरात असला रोग नाही." माझंच वाक्य, तिच्या तोंडी.

"बाही वर करा, बाबू," सिस्टर म्हणाल्या. "सगळ्यांचंच घेते."

शेजारचा हातमाग थांबला. गल्ली गोळा झाली. मी सुईकडे पाहिलं, आणि पुढचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा ती बाई माझ्या तोंडावर पाणी मारत होती. तिच्या दंडाशी कापसाचा बोळा होता.

रिपोर्ट येईतो मला झोप नव्हती. काही केलेलं नसताना मी टेकडीच्या गणपतीला नारळ बोललो. आमचे दोघांचे रिपोर्ट चांगले निघाले. कामठीचे नवरा-बायको मात्र पुढे इंजेक्शनांसाठी येताना दिसत. त्या बाईचे दिवस भरत आले तसा आमच्या घरातही जीव टांगणीला लागला. एक दिवस सिस्टर बायकोला म्हणाल्या, "रडली वं कामठीवालीची पोरगी! मोठ्यानं रडली!" आणि स्वतःच रडल्या.

परवा सिस्टर गेल्या. त्यांच्या अंगणात ती कामठीची बाई आली होती, सोबत उंचपुरी मुलगी. मुलीनं माझ्याकडे पाहून विचारलं, "हे कोण गं, आई?"

"हेच ते बोंबल्ये बाबू. यायच्यापायी तू पोटातच गेली असती. अन् सुई पाहून आडवे झाले ते हेच!"